घंटेची वेळ आणि भुकेची वेळ

मुंबईच्या बंदरातून सहलीला निघणाऱ्या मोठ्या बोटी आता आपल्याकडच्या लोकांना अपूर्वाईच्या राहिलेल्या नाहीत. २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा क्रूझ सुरू झाल्या. वर्धा, हिंगणघाट, आर्वी ही आपली गावं समुद्रापासून शेकडो मैल दूर. पण इथलीही कुटुंबं आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळा गोतावळा घेऊन बोटीवर दोन-चार दिवस काढून येतात. ज्यांची मुलं अमेरिकेत किंवा सिंगापुरात आहेत, ते तिकडच्या अवाढव्य बोटींवरही जातात.

अशा मोठ्या बोटींवर तिकीट काढतानाच पुष्कळदा एक प्रश्न विचारला जातो. रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर घेणार, की हवं तेव्हा, जागा मिळेल तिथं? पहिल्या पद्धतीत दोन पाळ्या असतात. एक संध्याकाळी सहाच्या सुमारास, दुसरी आठ-साडेआठला. सहलीभर टेबल तेच, शेजारी बसणारी माणसं तीच आणि वाढणाराही तोच. दुसऱ्या रात्री त्याला आपली नावं पाठ झालेली असतात आणि आजीला तिखट चालत नाही हेही त्याच्या ध्यानात असतं. दुसऱ्या पद्धतीत बंधन नाही. भूक लागली की जायचं, गर्दी असेल तर थोडं थांबायचं, आज या टेबलावर, उद्या त्या.

प्रश्न साधा वाटतो, पण तीन पिढ्यांच्या कुटुंबात त्यावरून चांगलीच खडाजंगी होते. आजोबांचं इन्सुलिन घड्याळाशी बांधलेलं. धाकटा नातू आठ वाजता ताटावरच पेंगणार. कॉलेजातली नात साडेनऊच्या आधी जेवायला बसणार नाही. सोबत चौविहार पाळणारं जैन कुटुंब असेल तर त्यांना सूर्य मावळण्याआधी जेवायचं असतं. रमजानचे दिवस असतील तर रोजेदाराला सूर्य मावळल्यावरच घास घेता येतो. एकाच सूर्यास्ताच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा! आता या सगळ्यांनी एका टेबलावर बसायचं म्हणजे बसायचं तरी कधी?

मी कवी माणूस. क्रूझचा सल्लागार नाही. पण या प्रश्नाचा इतिहास पाहू लागलो तेव्हा एक गंमत लक्षात आली. कोणी कधी जेवायचं, कोणाशेजारी बसून जेवायचं आणि हे ठरवायचं कोणी, या प्रश्नाचा ज्या थोड्या ठिकाणी मनापासून विचार झाला, त्यात आपलं वर्धा आहे. जिथं धाम नदी आहे पण बंदर नाही, त्या वर्ध्यात.

आधी बोटींचं पाहू. जुन्या काळी युरोप-अमेरिकेच्या आगबोटींवर जेवणाची वेळ हा हुकूमच असे. 'टायटॅनिक'वर, म्हणजे १९१२ साली, पहिल्या वर्गाच्या उतारूंना जेवणाची वर्दी बिगुल वाजवून दिली जाई. मोठ्या दालनात सगळ्यांनी ठरलेल्या वेळी यायचं. तिसऱ्या वर्गात माणसं जास्त आणि जागा कमी, म्हणून तिथं पाळ्या. मात्र त्याच बोटीवर पहिल्या वर्गासाठी एक वेगळं उपाहारगृह होतं. तिथं सकाळपासून रात्री उशिरापर्यंत हव्या त्या वेळी, हवा तो पदार्थ मागवून जेवता येई. त्याचे पैसे अर्थातच वेगळे पडत. ही कल्पना त्याआधी १९०५ साली 'अमेरिका' नावाच्या जर्मन बोटीवर आली होती. म्हणजे हवं तेव्हा जेवणं ही सुरुवातीला श्रीमंतांची चैन होती. गरिबाला घंटा आणि श्रीमंताला भूक, अशी ती वाटणी. सामान्य सहलवाल्यांना हे स्वातंत्र्य मिळायला पुढं जवळजवळ शंभर वर्षं लागली. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीनं २००० साली ठरलेल्या पाळ्या मोडून मोकळ्या जेवणाची पद्धत आणली आणि मग इतर कंपन्याही या ना त्या रूपात त्या वाटेनं गेल्या.

या जेवणघरांच्या मागच्या बाजूला कोण होतं, तेही सांगायला हवं. पी अँड ओ सारख्या इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर जेवणाच्या दालनात वाढणारे आणि स्वयंपाक करणारे पुष्कळ जण गोव्याचे असत. डेकवर काम करणारे खलाशी कोकण-गुजरातचे, आणि त्यांत मुसलमान बरेच. या खलाशांचा स्वयंपाक वेगळा होई आणि तो करणाऱ्याला 'भंडारी' म्हणत. ही माणसं आपापली कामाची पाळी संपली की जेवत. ज्यांच्या हातांवर साहेबांच्या जेवणाची वेळ चाले, त्यांची स्वतःची भूक मात्र पाळीच्या घड्याळाला टांगलेली. 'मोकळी वेळ' हा शब्द ऐकला की मला आधी हाच प्रश्न पडतो. जेवणारा मोकळा झाला खरा, पण रांधणारा कधी मोकळा होणार?

आपल्या मुसलमानांना बोटीवरचं जेवण ठाऊक होतं ते हजच्या वाटेनं. मोगल लाइनच्या बोटी मुंबईहून जेद्द्याला जात. १९९५ साली हा समुद्रमार्गाचा हज प्रवास बंद झाला आणि सगळे विमानानं जाऊ लागले. फार जुन्या काळी यात्रेकरू आपला शिधा बरोबर नेत आणि डेकवरच चुली मांडत. पुढं कंपनीनं शिजवलेलं अन्न देण्याची पद्धत आली. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात बोटीनं जाऊन आलेले हाजी होते. ते बोटीवरच्या नमाजाचं आणि जेवणाचं वर्णन करत. मला त्यातली एक गोष्ट फार आवडे. बोट रोज पश्चिमेला सरकते, म्हणून सूर्य रोज थोडा उशिरा मावळतो आणि घड्याळाचा काटा मागं घ्यावा लागतो. घड्याळ माणसाचं, त्याला मागं घेता येतं. सूर्य काही कोणाचं ऐकत नाही. जमिनीवरही रमजानची वेळ अशीच पक्की आणि तरी सरकती असते. आजचा इफ्तार कालच्या मिनिटाला नसतो. पण त्या मिनिटाला सगळा मोहल्ला एकदम खजूर उचलतो. ठरलेल्या वेळेचं सुख म्हणजे काय, हे मला त्या खजुरानं शिकवलं.

ठरलेल्या जागेचं दुःखही मी लहानपणीच पाहिलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. आमच्या भागातल्या खेड्यांत लग्न म्हणजे पंगत. पंगत म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेली ओळ आणि ठरलेला शेजार. आधी कोण बसणार, नंतर कोण, ओसरीवर कोण आणि अंगणात कोण, हे न सांगता सगळ्यांना माहीत असे. एका लग्नात वडिलांचं बोट धरून मी गेलो होतो. यजमानाचं आणि वडिलांचं चांगलं मैत्र. पण आम्हा दोघांची पानं गोठ्याच्या बाजूला, वेगळी मांडली होती. वाढलं प्रेमानं, आग्रह भरपूर झाला, बुंदी दोनदा आली. फक्त ओळ वेगळी होती. वडील काही बोलले नाहीत. आमच्याकडच्या लग्नात हिंदू शेजाऱ्यांसाठी वेगळा आचारी लावून वेगळी शाकाहारी पंगत घालण्याची रीत होती, तेव्हा एका अर्थी हिशेब सारखाच म्हणायचा. तरीही मुलाला शिवण्या-न शिवण्याचा हिशेब कळत नाही. त्याला कळतं एवढंच की बरोबरीचा दोस्त तिकडं बसलाय आणि आपण इकडं.

नव्वदच्या दशकात आपल्या मंगल कार्यालयांत बफे आला. पत्रिकेवर त्याला 'स्वरुची भोज' असं गोड नाव मिळालं. जुन्या माणसांनी नाकं मुरडली. हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, उभ्या-उभ्या जेवायचं, हे काय जेवण झालं? त्यांची तक्रार खरी होती. पण या बफेनं एक काम न बोलता करून टाकलं. रांगेत माझ्यापुढं कोण आणि मागं कोण, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. वरणाचा डाव एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला. जे अनेक भाषणांनी झालं नाही, ते एका डावानं काही अंशी केलं. मोकळ्या वेळेचा आणि मोकळ्या जागेचा हा उपकार मी विसरणार नाही.

मात्र बफेत दुसरीही एक गोष्ट झाली. मोकळीक मिळाल्यावर माणसं आपापल्या माणसांत जाऊन उभी राहिली. ताट भरेपर्यंत सगळे एक, ताट भरलं की ज्याचा-त्याचा कोंडाळा. कोणी कोणाला दूर बसवत नाही आणि कोणी कोणाला जवळही बसवत नाही. बोटीवरच्या मोकळ्या जेवणाचंही असंच होतं. ठरलेल्या टेबलावर चार दिवस अनोळखी कुटुंबाशेजारी बसावं लागतं, मग तिसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाचं नाव कळतं. मोकळ्या पद्धतीत ते कळायची गरजच पडत नाही. म्हणून वेळेचा प्रश्न हा खरं तर शेजाराचा प्रश्न आहे, असं मला वाटतं.

आणि इथं मोहनदास गांधी नावाचा एक लाजाळू तरुण आठवतो. ४ सप्टेंबर १८८८ ला तो मुंबईहून 'क्लाइड' बोटीनं विलायतेला निघाला. वय एकोणीसही पुरं नव्हतं. बोटीवर जेवणाचं टेबल ठरलेलं, वेळ ठरलेली. पण काटे-सुऱ्या कशा धरायच्या हे त्याला माहीत नव्हतं आणि कुठल्या पदार्थात मांस नाही, हे विचारायचं धाडस नव्हतं. म्हणून तो टेबलावर गेलाच नाही. घरून आणलेली मिठाई आणि फळं खोलीत बसून खात राहिला. एका इंग्रज सहप्रवाशानं त्याला टेबलावर येण्याचा आग्रहही केला होता. ही हकिगत त्यांनी आत्मकथेत सांगितली आहे. त्या टेबलावर त्याची खुर्ची नक्कीच होती. अडचण अशी की ते टेबल मांडताना त्याच्यासारख्या माणसाचा विचार कोणी केलेला नव्हता. जागा राखून ठेवली म्हणजे माणसाला बोलावलं, असं होत नाही.

पुढं याच माणसावर स्वतः टेबल मांडायची, म्हणजे पंगत घालायची वेळ आली. दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला जागा हवी होती. हर्मन कॅलनबाख या त्यांच्या मित्रानं १९१० साली जोहान्सबर्गजवळची अकराशे एकर जमीन दिली आणि तिथं टॉलस्टॉय फार्म उभं राहिलं. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशी सगळी मंडळी. चूल एक ठेवायची की अनेक? मांसाहार करणाऱ्यांची सोय करायची तयारी गांधींनी ठेवली होती. पण त्यांनी आधी त्या मंडळींना, विशेषतः बायकांना, विचारलं आणि त्यांच्या संमतीनं एकच शाकाहारी रसोडा ठरला. विचारून ठरवलं, हे त्यातलं महत्त्वाचं.

मग रमजान आला. मुसलमान मुलांनी रोजे ठेवावेत म्हणून गांधींनीच त्यांना उत्तेजन दिलं. आणि बाकीच्या मुलांना सुचवलं की तुम्हीही यांच्या सोबतीनं एकवेळचा उपास करा. पुष्कळांनी केला. इथं वेळेचा नेमका तोच पेच उभा राहिला, जो आज बोटीवरच्या कुटुंबापुढं असतो. मुसलमान मुलं सूर्यास्तानंतर जेवणार, इतरांना तेवढं थांबण्याचं कारण नाही. तोडगा असा निघाला की इतरांनी आधी जेवून घ्यायचं आणि मग रोजेदारांसाठी काही चांगलंचुंगलं करून त्यांना वाढायचं. पहाटेच्या सहरीलाही सगळ्यांनी उठायची सक्ती नव्हती आणि इतरांना पाणी प्यायची मुभा होती.

मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. वेळा दोन राहिल्या. कोणी कोणाच्या सूर्यावर हक्क सांगितला नाही. पण जो आधी जेवला त्याच्यावर नंतर जेवणाऱ्याला वाढायची जबाबदारी आली. ताटं वेगळ्या वेळी मांडली गेली तरी पंगत तुटली नाही. मी रोजेदाराच्या बाजूनं सांगतो, दिवसभराच्या उपासानंतर कोणी आपली वाट पाहत होतं, आपल्यासाठी तव्याजवळ उभं होतं, हे कळण्यात जे सुख आहे ते खजुरापेक्षा कमी नाही.

आता आपल्या वर्ध्याकडे येऊ. इथं जमीन आधी नांगरली ती जमनालाल बजाजांनी. विनोबा १९२१ सालीच वर्ध्याला येऊन राहिले होते. १९२८ मध्ये जमनालालजींनी आपलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं केलं आणि स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला. १९३४ पासून गांधीजींचा मुक्काम वर्ध्यात पडला. त्याच वर्षी खान अब्दुल गफारखान तुरुंगातून सुटले. सरहद्द प्रांतात आणि पंजाबात जायला त्यांना सरकारची बंदी. मग ते आणि त्यांचे बंधू डॉ. खानसाहेब वर्ध्याला जमनालालजींचे पाहुणे म्हणून राहिले. महादेवभाई देसाईंनी या दोघा भावांवर पुस्तक लिहिलं, ते या सहवासातूनच. त्या डिसेंबरात सरकारनं गफारखानांना पुन्हा पकडलं, तेही वर्ध्यातूनच. विचार करा, तो काळ असा होता की रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे वेगळे माठ असत. गाडीतून उतरलेल्या माणसाची तहानसुद्धा धर्म विचारून भागवली जाई. आणि स्टेशनापासून थोड्याच अंतरावर एक उंचापुरा पठाण मारवाडी घरचा पाहुणा म्हणून राहत होता.

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावला राहायला गेले. १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. गावात बहुसंख्य वस्ती दलितांची. आश्रमाचं जीवन घंटेवर चालणारं. साबरमतीच्या आश्रमापासूनची ती शिस्त. तिथल्या वेळापत्रकात पहाटे चारला उठायचं, रात्री नवाला झोपायचं आणि मधल्या प्रत्येक कामाला मिनिटांचा हिशेब. सेवाग्रामातही दुपारचं जेवण अकराच्या सुमारास आणि संध्याकाळचं सूर्य मावळण्याआधी. आला तो काँग्रेसचा पुढारी असो की परदेशी पत्रकार, घंटा सगळ्यांना एकच.

लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार १९४२ च्या जूनमध्ये आठवडाभर सेवाग्रामला राहिला. वर्ध्याचा जून म्हणजे काय असतो हे आपल्याला सांगायला नको. त्यानं त्या जेवणाचं बारीक वर्णन करून ठेवलंय. तीन बाजूंनी भिंती असलेली जेवणाची पडवी, जमिनीवर चटया, पितळी थाळ्या. तिसेक माणसं. बायकांची ओळ वेगळी, कस्तुरबा मात्र गांधीजींच्या शेजारी. समोर लहान पोरं. आश्रमातलीच मंडळी अनवाणी पायांनी वाढत फिरायची. गांधीजींच्या पायाशी भांडी ठेवलेली, त्यांतून ते स्वतः आजूबाजूच्यांना वाढायचे. सगळ्यांना वाढून झालं की प्रार्थना, आणि ती संपल्यावरच पहिला घास. तोवर कोणी सुरुवात करायची नाही.

पालक-भोपळ्याची तीच ती मऊ भाजी दोन्ही वेळा खाऊन फिशरसाहेब कंटाळले. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाजीला हातच लावला नाही. गांधीजींच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी मीठ-लिंबू भरपूर घ्यायला सांगितलं. म्हणजे चवीचा खूनच की, अशी फिशरनं थट्टा केली आणि गांधीजींनीही हसत तसाच टोला परतवला. या गमतीत मला एक गोष्ट दिसते. तिसेक माणसांच्या पंगतीत एका पाहुण्यानं भाजी टाकली, हे यजमानाला दिसलं. सगळे एका वेळी, एका ठिकाणी बसलेले होते म्हणून दिसलं. फिशर हव्या त्या वेळी येऊन जेवून गेले असते, तर ती भाजी गुपचूप खरकट्यात गेली असती.

सेवाग्रामची आणखी एक खूण म्हणजे वेळ पक्की असली तरी ताट सगळ्यांचं एकसारखं नसे. आजाऱ्याचं वेगळं, अशक्ताचं वेगळं. कोणाला दूध किती, कोणाला फळ कोणतं, यात गांधीजी जातीनं लक्ष घालत. आणि रांधायची, वाढायची, भांडी घासायची कामं आश्रमातली मंडळीच वाटून घेत. वेळ ठरलेली असण्याचा खरा फायदा कोणाला, हे इथं उमजतं. तो चुलीपुढच्या माणसाला. ज्या घरात प्रत्येक जण हवं तेव्हा जेवतो, त्या घरातली सून रात्री अकरापर्यंत पोळ्या गरम करत असते. घरधन्याच्या मोकळ्या वेळेचा खर्च तिच्या पायांतून वसूल होतो. एकत्र रसोड्याची घंटा झाली की तिलाही कळतं, इतक्या वाजता चूल विझणार आणि मीही पाटावर बसणार.

हे सगळं सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणं बरं नाही. एका पंगतीत बसल्यानं जात जाते का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली, म्हणजे गांधीजी शेगावला आले त्याच वर्षी, 'जातिसंहारा'वरच्या आपल्या न झालेल्या भाषणात या भाबडेपणाला उत्तर दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की सहभोजनं पुष्कळ झाली, कित्येक जातींत एकमेकांकडे जेवण्याची बंदी नाहीही, तरी जातीची जाणीव मेलेली नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याहीपुढं जाऊन ज्या ग्रंथांच्या आधारानं जात पवित्र ठरते, त्यांचं प्रामाण्य मोडणं. बाबासाहेबांचं हे बोलणं मला पटतं. तास-अर्धा तास शेजारी बसलं म्हणजे उरलेले तेवीस तास बदलत नाहीत. गोठ्याच्या बाजूला जेवलेल्या मुलाला हे कोणी वेगळं सांगायची गरज नाही.

तरीही पंगत अगदीच निरुपयोगी आहे, असं मी म्हणणार नाही. तो अर्धा तास पुरेसा नाही, पण पुढच्या कशाचीही सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी केली. तिथं नव्यानं प्रवेश घेतलेल्या मुला-मुलींना सुरुवातीचे पंधरा दिवस आश्रमात राहायला लावण्याची प्रथा आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली ही मुलं आश्रमाच्या वेळेनं उठतात, त्याच वेळेनं जेवतात. उद्या डॉक्टर होऊन रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहण्याआधी त्यांना एकमेकांजवळ बसवलं जातं. त्यातल्या कित्येकांना ती घंटा सुरुवातीला जाचत असेल. पण दूरच्या राज्यातला पहिला मित्र त्याच ओळीत मिळत असेल, हेही तितकंच खरं.

या इतिहासातून मला तीन प्रश्न मिळतात, आणि जेवणाची वेळ ठरवताना ते कुठंही उपयोगी पडतील असं वाटतं. पहिला, ही वेळ कोणी ठरवली? जेवणाऱ्यांना विचारून, की त्यांच्या डोक्यावरून? दुसरा, या वेळेमुळे माझ्या शेजारी कोण येतं आणि कोण दूर राहतं? तिसरा, या वेळेमुळे रांधणाऱ्याला बसायला मिळतं का? पंगतीची वेळ पक्की होती, पण ती ओळी वेगळ्या ठेवण्यासाठी वापरली गेली तेव्हा ती अन्यायाची झाली. तीच पक्की वेळ सेवाग्रामात जमीनदार आणि भूमिहीनाला एकाच घंटेवर उठवू लागली तेव्हा तिचा अर्थ बदलला. बफेनं माणूस मोकळा केला, पण त्याला कोणाजवळ नेऊन बसवलं नाही.

तेव्हा बोटीवर निघालेल्या कुटुंबांना माझ्यासारख्याचं सांगणं एवढंच. सगळ्यांनी सगळी जेवणं घंटेवर घ्यावीत, असा हट्ट धरू नका. आजोबांना त्यांच्या औषधाच्या वेळी जेवू द्या, नातवाला लवकर, नातीला उशिरा. चौविहारवाल्याला सूर्यास्ताआधी आणि रोजेदाराला नंतर. पण दिवसातलं एक जेवण ठरवून घ्या, ज्याला सगळे येतील. ते कधी घ्यायचं हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला विचारून ठरवा. आणि बाकीच्या जेवणांना जो आधी जेवला असेल, त्यानं उशिरा जेवणाऱ्याजवळ दहा मिनिटं बसावं. टॉलस्टॉय फार्मवरच्या पोरांना हे जमलं होतं, आपल्याला का जमू नये?

आणि त्यासाठी बोटीचं तिकीटच काढायला हवं असंही नाही. आपल्या घरांतून आता प्रत्येकाची वेळ वेगळी झाली आहे, प्रत्येकाचा पडदा वेगळा आहे, ताट घेऊन जो-तो आपल्या खोलीत जातो. गावातही शेजाऱ्याच्या ईदला आणि दिवाळीला जाणं-येणं पूर्वीपेक्षा मोजून-मापून होतं आहे. शीरखुर्म्याचा डबा घरपोच पाठवला की काम झालं, असं आपण धरून चालतो. डबा पाठवणं चांगलंच आहे. पण डब्याबरोबर निरोपही पाठवा, की अमुक दिवशी, अमुक वाजता, आमच्याकडे बसायलाच या. वेळ ठरवून बोलावलेला माणूस येतो. 'कधीही या' म्हटलेला बहुधा येत नाही.